दाढ काढायचा धीर होऊन नाही राहिला

डॉक्टर ताई, नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात शिवणकाम करतो, वय ५२. खालची उजवी दाढ दीड वर्षापासून किडली होती, तिचे तुकडे पडून आता नुसती मुळं उरली आहेत. डॉक्टर म्हणतात, वाचवण्यासारखं काही नाही, काढूनच टाका. शनिवारची वेळ दिली आहे, पण मला धीर होऊन नाही राहिला. मी नऊ वर्षांचा असताना एक दाढ काढली होती. इंजेक्शन देऊनही इतकं दुखलं की चार जणांनी मला धरून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, शुगरचीही आहे. दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे होतात, खोटं कशाला बोलू. आई म्हणते दाढ काढली की नजर जाते, आणि मला तर दिवसभर सुईत दोरा ओवायचा असतो. बायको म्हणते गोळ्या खाऊन ढकला, भाचीचं लग्न होऊन जाऊ द्या. लग्न काटोलला आहे, दाढ काढल्यावर बाराव्या दिवशी. किती दुखेल? रक्त किती वेळ जाईल? मशीनवर कधी बसता येईल?
— एक टेलर, महाल, नागपूर

भाऊ,

आधी त्या नऊ वर्षांच्या पोराबद्दल बोलू, कारण शनिवारी खुर्चीत तुमच्यासोबत तोही बसणार आहे.

इंजेक्शन देऊनही दुखलं, असं तुम्ही लिहिलंत. मला ते पूर्ण पटतं. दाढेखाली पू झाला असला, गाल सुजला असला, की तिथल्या जागेत आम्ल वाढतं, आणि बधिर करायचं औषध अशा जागी नीट चालत नाही. ते नसेच्या आत शिरायलाच पाहिजे, आणि आम्लात ते शिरत नाही. शिवाय औषध चढायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात, रडणाऱ्या पोराला पाहून मोठ्यांना तेवढाही दम धरवत नाही. बहुतेक यातलंच काहीतरी तुमच्या वाट्याला आलं असावं. तुम्ही भित्रे नव्हता, तुम्हाला खरंच दुखलं होतं. हे शनिवारी डॉक्टरांना खुर्चीत बसायच्या आधी सांगा, याच शब्दांत सांगा. ज्या पेशंटने आपली भीती आधी बोलून दाखवली त्याच्याजवळ आमचा हात आपोआप सावकाश चालतो.

खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दाढेजवळ देत नाहीत, जबड्याच्या अगदी मागे देतात. त्या बाजूची नस जिथे हाडात शिरते, तिथेच तिला अडवायचं, म्हणजे पुढच्या सुजेशी संबंध येत नाही. औषध बहुधा लिग्नोकेन असतं. १९४३ साली स्वीडनमध्ये ते पहिल्यांदा तयार झालं आणि आजही आमच्या हाताशी तेच आहे. टोचताना सुईची कळ जाणवेल, पाच-सात सेकंद. मग थोड्या वेळाने उजवीकडचा खालचा ओठ जाड व्हायला लागेल, मुंग्या येतील, अर्धी जीभही जड होईल. ओठ बरोब्बर मध्यापर्यंत बधिर झाला पाहिजे. डॉक्टर टोकदार हत्यार हिरडीवर दाबून विचारतील, टोचतं का? तेव्हा भिडेखातर "नाही" म्हणू नका. टोचत असेल तर टोचतं म्हणा, आणखी औषध देता येतं. आणि आधीच ठरवून घ्या की डावा हात वर केला की थांबायचं. शनिवारपर्यंत गाल सुजला किंवा ताप आला तर तेही आधी फोन करून कळवा. कदाचित ते आधी पू काढून टाकतील आणि दाढ काढायची पुढे ढकलतील. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, ते तुमच्याच भल्याचं असतं.

आता बधिर झाल्यावर काय वाटतं ते तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देऊन सांगते. जाड कापडातून सुई रेटताना बोटात अंगुस्ताना असतो. सुईचा दाब बोटाला पुरता कळतो, पण टोचत नाही. दाढ काढताना अगदी तसंच असतं. दाब येईल, चांगला जोराचा येईल, जबडा खाली ढकलल्यासारखा वाटेल, डॉक्टर डाव्या हाताने तो खालून धरून ठेवतील. लोक याच दाबाला घाबरून ओरडतात. मी विचारते, दुखलं का? ते क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, नाही, दुखलं नाही, पण काहीतरी झालं.

दाढ ओढून काढतात हा समजही मनातून काढून टाका. दाढ हाडात खिळ्यासारखी ठोकलेली नसते, बारीक बारीक तंतूंनी ती हाडाला टाचलेली असते. तुम्ही जुन्या कोटाची शिवण उसवता तेव्हा कापड ओढता का? एकेक टाका सोडवत जाता. आम्हीही तेच करतो. चपट्या टोकाचं हत्यार दाढ आणि हाड यांच्या फटीत घालून तंतू सोडवायचे, जागा थोडी थोडी रुंद करायची, आणि सगळ्यात शेवटी पकड लावायची. तुमच्या दाढेचं वरचं काही उरलेलं नाही, म्हणून बहुधा मुळं एकेक सुटी करून काढतील, ड्रिलचा आवाज होईल, कदाचित हिरडीला छोटा काप घेऊन दोन टाके घालतील. आणि "कट्ट" असा एक आवाज डोक्यात घुमेल. तो जबडा मोडल्याचा नसतो. जबड्याचं हाड आणि कान शेजारी शेजारी आहेत, म्हणून बारीक आवाजही मोठा वाटतो. एवढ्या सगळ्याला अर्धा-पाऊण तास धरा.

तुमच्या हृदयाचं आणि गोळीचं मात्र मी इथे ठासून सांगणार आहे. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एक दिवसही नाही. "दाढ काढायची आहे, रक्त थांबणार नाही" म्हणून चार दिवस आधी गोळी सोडून येणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त आम्हाला दिसतं. बोळा दाबून, टाका घालून, रक्त थांबवणारा स्पंज ठेवून ते थांबवता येतं. अँजिओप्लास्टीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीत, म्हणजे स्टेंटमध्ये, गाठ झाली तर ती कोणाला दिसत नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, अँजिओप्लास्टीचा कागदही न्या. काही जणांना वेगळ्या जातीची गोळी असते, तिच्यासाठी आधी आयएनआर नावाची रक्ततपासणी लागते. हे सगळं तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यायला दातांच्या डॉक्टरांना सांगा. बधिर करायच्या औषधात थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं, त्याने छातीत धडधड वाढू शकते. अँजिओप्लास्टी झालेली आहे हे कळलं की ते प्रमाण बेताचं ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनाच दवाखान्यात करायला धाकधूक वाटली, तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं. तिथे असे पेशंट रोजचेच असतात आणि अडचण आलीच तर मेडिकल शेजारी आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, एवढाच त्रास.

(आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आहे. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात तो असेल, तर त्यानेही दाढ काढायच्या आधी सांगायलाच हवं.)

उपाशीपोटी जाऊ नका. रक्त तपासायला जातात तसे लोक रिकाम्या पोटी येतात, शुगरची गोळी मात्र घेऊन येतात, आणि खुर्चीत त्यांना दरदरून घाम फुटतो. ती भीती नसते, शुगर उतरलेली असते. वेळ सकाळची मागून घ्या, रोजचा नाश्ता करा, रोजच्या गोळ्या घ्या, मग जा. तर्री पोहे सोडून काहीही चालेल. वहिनींना सोबत न्या.

भाऊ, खुर्चीतला तो पाऊण तास डॉक्टरांचा. खरं काम त्यानंतर तुमच्या हाती येतं आणि सात दिवस चालतं. दाढ निघाली की तिच्या जागी खड्डा होतो, त्यात रक्त भरतं आणि गोठतं. गडद, मऊ, लिबलिबीत अशी ती रक्ताची गाठ दिसायला घाण दिसते. पण खालच्या उघड्या हाडावरचं ते एकमेव पांघरूण आहे. तीच गाठ धरून हिरडी भरून येते. ती निघाली तर हाड उघडं पडतं, आणि ते दुखणं दाढ काढण्याच्या दुखण्यापेक्षा कितीतरी वाईट असतं. आम्ही त्याला ड्राय सॉकेट म्हणतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. शिकत असताना माझी स्वतःची खालची अक्कलदाढ काढली होती. सगळे नियम मला पाठ होते. पण तोंडात रक्ताची खारट, लोखंडी चव राहिली होती, ती सहन होईना, आणि मी त्या संध्याकाळी बेसिनपाशी उभी राहून पुन्हा पुन्हा थुंकत राहिले. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या रात्री दोन वाजता कानात कोणीतरी सळई घातल्यासारखं दुखायला लागलं. होस्टेलच्या पलंगावर भिंतीला गाल लावून मी सकाळ केली, कारण भिंत गार होती. सकाळी खड्डा धुऊन त्यात लवंगतेलाच्या औषधाची पट्टी ठेवली, आणि अर्ध्या तासात दुखणं ओसरलं. तुमचंही दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढलं, कानापर्यंत गेलं, तोंडाला घाण वास आला, तर गोळ्या वाढवत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

म्हणून त्या गाठीला जपायचं. दाढ काढल्यावर कापसाचा किंवा गॉजचा बोळा देतील, तो पाऊण तास घट्ट चावून धरा. मधेमधे काढून "थांबलं का" म्हणून पाहू नका. बोळा उचलला की त्याला चिकटलेली गाठही उचलली जाते. मग काढून टाका आणि नवा ठेवू नका. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. ओठ सुटेपर्यंत, म्हणजे तीन-चार तास, काही चावायचं नाही, नाहीतर आपलाच ओठ चावला जातो आणि कळत नाही. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. या उन्हात नारळपाणी घ्याल, तर ग्लासात ओतून घोटाघोटाने घ्या. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, तेही खळखळून नाही. तोंडात घ्यायचं, मान हळूच कलती करायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. दोरा ओवायच्या आधी टोक तोंडात घेऊन चोखता ना? आणि शिवून झालं की दातांनी तोडता? टेलर लोकांच्या पुढच्या दातांना मी बारीक खाचा पाहिल्या आहेत, त्या या सवयीच्याच. चोखण्याने तोंडात जी ओढ तयार होते तिने गाठ सुटते. आठवडाभर दोऱ्याचं टोक कात्रीने तिरपं कापून ओवा, टाचण्याही ओठांत धरू नका.

खर्रा. तुम्ही खरं लिहिलंत याचा मला आनंद आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. तंबाखू, चुना आणि सुपारीचे खडे, या तिन्हींपैकी एकही त्या खड्ड्याजवळ जायला नको. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त पुरत नाही. चुना मांस जाळतो. सुपारीचा कण खड्ड्यात बसला की तो तिथेच कुजतो. आणि खर्रा म्हटला की पिचकाऱ्या आल्याच. पंधरा दिवस पूर्ण बंद. "दुसऱ्या बाजूने खाईन" हे चालत नाही, रस सगळीकडे फिरतो. दाढ दुखते म्हणून तंबाखूची चिमूट तिथे दाबून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही. त्याच दिवसांत दाढही ठणकत असेल, हे घरी आधीच सांगून ठेवा. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगम दुकानातून आपणच आणू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट आहे.

आणि आज रात्रीच आरशासमोर उभं राहून तोंड उघडा आणि तीन बोटं उभी आत घालून पाहा. तिन्ही जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर सुपारीने गालाची आतली कातडी आवळायला लागली असावी. मग दाढ काढणंही अवघड होतं, आणि ते डॉक्टरांना आधी कळायला हवं. गालात पांढरा चट्टा असेल, तिखट झोंबत असेल, दोन आठवड्यांच्या वर न भरलेली जखम असेल, तर दाढेच्या आधी ती दाखवा. हे मी घाबरवायला लिहीत नाही. पण खर्रा खाणाऱ्या माणसाचं पूर्ण तोंड पाहिल्याशिवाय दाढेला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

दुखण्याबद्दल. औषध उतरायच्या आधीच, म्हणजे घरी पोचून न चावता जाईल असं काहीतरी पातळ घेतलं की, पहिली गोळी घ्या. दुखणं सुरू झाल्यावर गोळीला त्याच्या मागे धावावं लागतं. पण गोळी कोणती, हे तुमच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. मेडिकल स्टोअरवाला दाढदुखीला हमखास डायक्लोफिनॅक किंवा इबुप्रोफेनची गोळी काढून देतो. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसासाठी त्या चांगल्या नाहीत. बहुधा पॅरासिटामॉलवर भागतं, ती डॉक्टर सांगतील त्याच मापाने घ्या. म्हणूनच वहिनींचं "गोळ्या खाऊन ढकला" मला मान्य नाही. त्यांचा जीव तुटतो म्हणून त्या म्हणतात, पण पेनकिलर रोज पोटात जाणं तुमच्या हृदयाला परवडणारं नाही, आणि ती सडलेली मुळं ऐन लग्नात सुजली तर काटोलला रात्री कुठे धावणार? अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. शुगर पाहून डॉक्टर ठरवतील. दिलं तर मधेच सोडू नका. आणि त्यात मेट्रोनिडॅझोल असेल तर दारूचा थेंबही नको.

पहिल्या रात्री उशीवर गुलाबी डाग पडतील. लाळेत थेंबभर रक्त मिसळलं तरी सगळी लाळ लाल दिसते, त्याला भिऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असल्यामुळे इतरांपेक्षा थोडं जास्त वेळ पाझरेल. दोन उश्या घेऊन डोकं उंच ठेवून झोपा, गालावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, फक्त पहिल्या दिवशी. तोंडात लाल रक्त भरत असेल, गाठीवर गाठी येत असतील, तर स्वच्छ ओला बोळा खड्ड्यावर ठेवून अर्धा तास न बोलता दाबा. तरी थांबलं नाही तर रात्र असो की दुपार, दवाखान्यात जा. जिभेखाली किंवा गळ्याला सूज, गिळताना त्रास, श्वास अडतो असं वाटलं तर मात्र दातांच्या दवाखान्याचीही वाट पाहू नका, थेट मेडिकल गाठा.

आईंना सांगा, नजरेची नस वेगळी आणि दाताची नस वेगळी. दात ज्या नसेला जोडलेले आहेत तिच्या तीन फांद्या आहेत. एक कपाळ आणि डोळ्याच्या भोवती जाते, पण ती फक्त स्पर्श सांगते. पाहायचं काम करणारी नस डोळ्याच्या मागून सरळ मेंदूत जाते, तिचा जबड्याशी काही संबंध नाही. वरची दाढ काढा की खालची, नजर तितकीच राहते. मला वाटतं हा समज यातून आला असावा की चाळिशी उलटली की दात आणि डोळे एकाच सुमाराला कुरकुरायला लागतात, आणि माणूस एकाचा दोष दुसऱ्यावर टाकतो. तुम्हाला ५२ व्या वर्षी दोरा ओवताना त्रास होत असेल तर चष्मा तपासून घ्या. शुगर असल्याने डोळ्यांचा पडदाही वर्षातून एकदा दाखवायलाच हवा.

खायचं म्हणाल तर पहिले दोन दिवस मऊ भात, साधं वरण, पातळ खिचडी, दही, ताक, सगळं निवलेलं. आइस्क्रीम कोणी विचारलं तर शुगर सांगा. मग भाकरी दुधात कुस्करून, डाव्या बाजूने. सावजी रस्सा दहा दिवस तरी विसरा. बाराव्या दिवशी लग्नात पंगतीला बसायला काही हरकत नाही, तोवर खड्ड्यावरची हिरडी बरीचशी भरत आलेली असेल. डाव्या बाजूने खा, जेवण झाल्यावर मिठाच्या पाण्याने हळू चूळ भरा, आणि पंगतीनंतर सुपारीचं तबक पुढे आलं तर हात जोडा.

मशीनवर शनिवारी आणि रविवारी नको. पाय मारताना वाकून बसता, डोक्याकडे रक्त चढतं आणि खड्डा पुन्हा पाझरतो. सोमवारी बसा, पण तासाभराने उठत जा. लग्नसराई आहे, गिऱ्हाईक तगादा लावतील, तर या आठवड्यातल्या ऑर्डरी आत्ताच दोन दिवस पुढच्या सांगून ठेवा. टाके घातले तर ते साधारण सातव्या दिवशी काढतात. त्या दिवशी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं तरी चालेल, पण टाके काढायला जाणं चुकवू नका. तेव्हाच डॉक्टरांना विचारा की रिकाम्या जागी पुढे काय बसवायचं. हाड भरायला तीन-चार महिने लागतात, म्हणून घाई नाही. पण वर्षानुवर्षं रिकामी ठेवली तर शेजारची दाढ तिथे कलते आणि वरची खाली उतरते. गालाच्या आतली बाजूही त्याच खुर्चीत पुन्हा एकदा तपासून घ्या. तोवर तुमचा खर्रा सुटून आठवडा झालेला असेल, आणि कातडीचा रंग नीट दिसेल.

— तुमची डॉक्टर ताई